साळूची बाजू आणि अस्वलाची गाडी

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि गाड्या फार झाल्या होत्या. तिथे मृण्मयी नावाची साळू राहायची. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. जंगलातल्या यच्चयावत म्हाताऱ्यांचं काय चुकतं, हे तिला तोंडपाठ होतं.

वर्षभर भांडून तिने बाबांकडून गाडी मिळवली होती. बाबांची अट एकच. गाडीला काही झालं आणि विम्यातून भागलं नाही, तर किल्ली परत.

एकदा ती मधाच्या दुकानाजवळ गाडीत बसली होती. पुढे उभी असलेली आपली भलीमोठी गाडी नानासाहेब अस्वल मागे घेऊ लागले. कानाला फोन, मांडीवर पोळं. धाडकन आदळले. मृण्मयीच्या गाडीचं बॉनेट चेपलं.

तिचे काटे ताठ उभे राहिले. "नाना, मागे बघायचं नसतं का?"

"अगं पोरी, दिसलं नाही. दिसलं असतं तर धडकलो असतो का?"

गर्दी जमली. जंगलाच्या रीतीप्रमाणे गर्दीने आधी दोन्ही गाड्यांकडे पाहिलं आणि मग निकाल दिला. "मोठ्या गाडीची चूक!"

"असला निकाल मला नको!" मृण्मयी कडाडली. "गाडी मोठी म्हणून नाही, ते बेफिकीर आहेत म्हणून चूक. नीट म्हणा!"

गर्दी कंटाळून पांगली.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा सर्वेअर बगळा आला. बाबा तिच्या कानाशी लागले. "विचारेल तेवढंच सांग. हो किंवा नाही. भाषण नको."

"गप्प बसूनच तुमच्या पिढीने जंगलाची वाट लावली," मृण्मयी म्हणाली.

"गाडी उभी होती?" बगळ्याने विचारलं.

"हो."

"धडक त्यांनी दिली?"

"हो."

"झालं तर मग." बगळ्याने पेनला टोपण लावलं.

इथे गोष्ट संपली असती, बाळांनो. पण मृण्मयीला वक्तृत्वात बक्षीस मिळालेलं होतं.

"झालं कसं? पूर्ण ऐका. ते निघाल्यापासून मी बघत होते. एकदाही मान वळवली नाही त्यांनी!"

बाबांनी डोळे मिटले. बगळ्याने टोपण काढलं.

"मग हॉर्न वाजवलात?"

"मी का वाजवू? बघणं त्यांचं काम."

"गाडी मागे घ्यायला जागा होती?"

"भरपूर! पण दर वेळी आम्हीच का सरकायचं? म्हटलं, येऊ देत. एकदा तरी त्यांची चूक सगळ्यांना दिसू दे."

बगळ्याने एका पायावर उभं राहून सगळं लिहून घेतलं.

"ताई, आम्ही अपघाताचा विमा उतरवतो. हा अपघात नाही, हा तुमचा युक्तिवाद आहे."

क्लेम नामंजूर झाला. नानासाहेबांचा बंपर मात्र त्यांच्या विम्यातून नवाकोरा आला. त्यांनी आपल्या सर्वेअरला एवढंच सांगितलं होतं, "दिसलं नाही."

"पण चूक त्यांचीच होती ना?" मृण्मयीने घरी ठणकावून विचारलं.

"शंभर टक्के त्यांचीच," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "आण ती किल्ली."

तात्पर्य: बाळांनो, आपली बाजू शेवटपर्यंत सोडू नका. वडीलधारे चुकले, हे एकदा सिद्ध झालं की कॉलेजला पायी जातानासुद्धा मान कशी ताठ राहते.