गाडीत माणसं किती?

बापूसाहेबांची बायको अनसाबाई गेल्याचं खुटबावात कळलं, त्या दिवशी सगळ्यात आधी शंभू आला. तो शेजारचाच. बापूसाहेब ओट्यावर बसले होते. शंभू जवळ येऊन बसला. त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं आणि बापूसाहेबांना ऐकायचा धीर नव्हता. समोर अंगणात गाडी उभी होती. शेवटी शंभू तिच्याकडे बघत म्हणाला, "बापू, एवढी मोठी जर्मन गाडी, पण चाकं लईच बारकी दिसत्यात."

"सतरा इंची हायती," बापूसाहेब म्हणाले. "कंपनीचीच."

दवाखान्यातून आल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. ते न रडता निघालं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

मग तीच सवय लागली. भेटायला येणारा कुणी "वहिनींचा हात लई मोकळा..." असं सुरू करायचा, तोच बापूसाहेब गाडीकडे बोट करायचे. "ते ऱ्हाऊ द्या. चाकं बघा. बारकी वाटत्यात का?" आलेला माणूस आधी दचकायचा, मग त्यालाही सुटल्यासारखं व्हायचं. तेराव्याच्या पंगतीत मोठ्या चाकांवरून दोन तट पडले. पुतण्या सत्यजीत एका तटाचा पुढारी होता.

गाडी अनसाबाईंच्या हौसेची. पण घरात आल्यावर ती घरच्यासारखीच राबली. डेअरीचे कॅन, पेंडीची पोती, ठिबकच्या नळ्या, सगळं तिच्यातूनच जायचं. अनसाबाई पुढे डावीकडे बसायच्या. माहेरी न्हावऱ्याला निघाल्या की पारगाव यायच्या आत त्यांना झोप लागायची. "पाळण्यात बसल्यावानी वाटतंय," असं त्या आईला सांगायच्या.

महिन्याभराने सत्यजीत काकांना वरवंडजवळच्या हायवेवर चाकांच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार मच्छिंद्रने अठराची चाकं दाखवली. सत्यजीतने एकोणिसाच्या चाकांवर हात ठेवला. बापूसाहेबांनी भिंतीवर टांगलेल्या चाकाकडे मान वर केली.

"ते केवढं?"

"वीस इंची हाय ते. बसंल, पर टायर पातळ ऱ्हातोय. आन् वजन पडलं की आत घासतोय. गाडीत माणसं किती असत्यात, बापू?"

बापूसाहेबांनी जरा विचार केला. "एकच."

"मग बसंल की!" मच्छिंद्र म्हणाला आणि जॅक आणायला गेला.

काढलेली चाकं गोठ्यात पडली. गडी ईश्वर म्हणाला, "मालक, ह्यांचं काय करू?"

"कर तुला काय करायचं ते," बापूसाहेब म्हणाले. त्या दिवसांत ते कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर देत.

नवी चाकं दिसायला झकास होती. त्यांच्यावर बसणं वेगळं. रस्त्यात बिडी पडली असली तरी ती कमरेला कळायची. डेअरीत पोचेपर्यंत कॅनच्या झाकणाला लोणी धरायचं. एका गतिरोधकावर बापूसाहेबांचा चष्मा नाकावरून मांडीत आला. पण कुणी विचारलं की ते म्हणायचे, "गाडी कशी रस्त्याला धरून चालतीया!" मग गतिरोधक चुकवायला उसाच्या बांधाबांधाने घरी जायचे. तिथे कारखान्याच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या होत्या. म्हणजे एका दुखण्यातून सुटायला ते रोज दुसरं शोधत होते.

वर्षश्राद्ध जवळ आलं. न्हावऱ्याहून सासूबाईंचा, धुरपदाबाईंचा फोन आला. खुब्याचं हाड मोडल्यामुळे लेकीच्या अंत्यविधीला त्यांना येता आलं नव्हतं. "पाव्हणं, आता मला न्यायचं. यष्टीत बसवत न्हाई. अनसी सांगायची त्या गाडीतनंच न्या."

"मी सोता येतो, मामी," बापूसाहेब म्हणाले. वर्षभरात त्यांनी कुणाला दिलेला हा एकच शब्द.

ठरल्या दिवशी त्यांनी धुरपदाबाईंना दोन उशा देऊन पुढे डावीकडे बसवलं. मागे त्यांची नातसून सारिका, आंब्याच्या लोणच्याची बरणी आणि गव्हाचं पोतं. गाडी निघाली आणि पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला, घर्रर्र.

"कोण वरडतंय?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"चाक घासतंय, मामी. वर्षभर कवाच घासलं न्हाई."

"मग आजच का?"

बापूसाहेबांनी डावीकडे बघितलं. डावीकडच्या सीटवर वर्षभरात कुणी बसलंच नव्हतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

गाव सुटायच्या आत गव्हाचं पोतं ओळखीच्या दुकानात उतरवलं. तरी घर्रर्र. पारगावात सारिका आपणहून उतरली. "मामा, मी यष्टीनं येते. माझं मणकं हायती तवर उतरते." बरणी तिने बरोबर नेली. गाडी थोडी गप्प झाली, पण प्रत्येक खड्ड्याला धुरपदाबाई डोळे मिटून "आई गं" म्हणायच्या.

"पाळणा म्हनायची व्हय अनसी ह्याला?"

खुटबावच्या अलीकडे, ट्रॉलीच्या चाकोरीत, पुढचं डावं चाक धाडकन आपटलं. टायर फुटला, रिम वाकली. बापूसाहेबांनी डिकी उघडली. स्टेपनीच्या जागी ठिबकच्या नळ्या होत्या. घरी भटजी येऊन बसलेले, आणि इथे धुरपदाबाईंना धड उभंही राहता येत नव्हतं. त्यांनी ईश्वरला फोन लावला. "असंल ते घिऊन ये!"

ईश्वर बैलगाडी घेऊन आला. गाडीत उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, भरलं होतं. दोघांनी धुरपदाबाईंना उचलून त्यावर झोपवलं. बापूसाहेब त्यांच्या उशाशी बसले, हिसका बसला तर धरायला. बैल चालू लागले. हिसका बसलाच नाही. चाकोरी आली, गेली, गाडी नुसती झुलली.

"ही बरी हाय की," धुरपदाबाई म्हणाल्या. "अनसी सांगायची तशीच."

बापूसाहेबांनी खाली वाकून बघितलं. बैलगाडीच्या चाकांच्या मधोमध जर्मन कंपनीचा बिल्ला चमकत होता.

"तुमीच म्हनला व्हता, कर काय करायचं ते," ईश्वर मागे न बघता म्हणाला. "वेल्डरकडनं बसवून घेतली. बैलं लई खूश हायती."

धुरपदाबाई वाढ्यावरून आभाळाकडे बघत होत्या. "पाव्हणं, वरीसभर फोनवर नुसतं चाकाचंच सांगितलंसा. आता माझ्या लेकीचं काय तरी सांगा."

बापूसाहेबांनी तोंड उघडलं. शब्द येतो येतोसा झाला.

"मालक," ईश्वर म्हणाला, "उजव्या चाकात हवा कमी वाटतीया का?"

"कमीच पायजे!" बापूसाहेब एकदम म्हणाले. "म्हंजी जरा कमी ठिवली की कसं..."

हवेवरचं बोलणं घरापर्यंत पुरलं. दारात गाडी थांबली तेव्हा त्यांनी वळून बघितलं. धुरपदाबाई गाढ झोपल्या होत्या, मान डावीकडे टाकून, अगदी लेकीसारख्या.

जर्मन गाडी दुसऱ्या दिवशी ओढून आणली. वीस इंची चाकं काढली. जुनी चाकं ईश्वर सोडायला तयार नव्हता, म्हणून त्याच मापाची दुसरी बसवली. आता माणसं बसली तरी चाकं घासत नाहीत. अनसाबाईंबद्दल बोलायचं मात्र अजून राहिलं आहे.