नायकाचे पत्र, ग्रंथपालबाईंना

इंग्रजीच्या सरांनी ते पत्र मंगळवारी सकाळी चहा गार होईपर्यंत बसून लिहिले. वर्गात एक जुनी इंग्रजी कादंबरी चालू होती. तिच्या नायकाला समोरासमोर धड चार वाक्ये बोलता येत नाहीत. पण पत्र लिहायला बसला की तो मन मोकळे करतो आणि तिथूनच गोष्ट फिरते. मुलांच्या हे गळी उतरेना, म्हणून सरांनी नायकाचे पत्र स्वतःच्या शब्दांत मराठीतच लिहून काढले.

'काल तुम्ही मला चारचौघांत सुनावलेत. त्या दोघांची ताटातूट मी केली, हा आरोप मला मान्य आहे. पण त्या गोडबोल्याने माझ्याविषयी जे सांगितले, त्यावर विश्वास ठेवू नका. त्याचे कपाट एकदा उघडून पाहा. तुमच्यासमोर माझी वाचा बसते, म्हणून लिहितो आहे.'

घरात सर आणि त्यांची थोरली बहीण, दोघेच. ताईंना त्यांनी ते वाचून दाखवले. ताई म्हणाल्या, चांगलं उतरलंय, पण या माणसाने वेळेवर तोंड उघडलं असतं तर एवढा कागद खर्ची पडला नसता. सरांनी पत्राची घडी करून ती कादंबरीत ठेवली. टेबलावर कादंबरीच्या दोन प्रती होत्या, एक स्वतःची आणि एक ग्रंथालयाची. कॉलेजात शिरताना त्यांनी ग्रंथालयाची प्रत खिडकीतून परत केली, आणि वर्गात स्वतःची प्रत तीनदा झटकली. पत्र पडले नाही.

ते ग्रंथपालबाईंच्या हातात पडले होते. अक्षर त्यांनी लगेच ओळखले. सोमवारीच त्यांनी सरांना चारचौघांत सुनावले होते: शब्दकोशाचा दुसरा खंड अकरा महिने यांच्या घरी, आणि पहिला इथे एकटाच फळीवर. त्यामुळे ताटातूट कोणाची, हे त्यांना विचारावे लागले नाही. नकाशांच्या पुस्तकावर कॉफी इंग्रजीवाल्यांनीच सांडली, असे इतिहासाच्या सरांनी त्यांच्या कानावर घातले होते, तेही अगदी गोड आवाजात. बाईंनी चष्मा पुसला आणि तडक इतिहास विभाग गाठला. कपाट उघडायला लावले. आत ग्रंथालयाची नऊ पुस्तके निघाली. त्यातली चार हरवली म्हणून बाईंनी केव्हाच रद्द केली होती.

मधल्या सुट्टीत इतिहासाच्या सरांनी इंग्रजीच्या सरांना जिन्यातच गाठले.

"चुगली करायची तर तोंडावर करावी माणसानं. बाईंना पत्रं कसली लिहिता?"

पत्र कुठे पोचले, हे इंग्रजीच्या सरांना तेव्हा कळले. गेली सहा वर्षे ते रोज काही ना काही कारण काढून ग्रंथालयात जात. खिडकीशी पोचल्यावर मात्र "पुस्तक हवं होतं" यापलीकडे त्यांची गाडी सरकत नसे. त्यांना बहिणीचे वाक्य आठवले. त्यांनी रुमालाने कपाळ टिपले आणि ते ग्रंथालयात गेले.

बाईंनी त्यांना चक्क खुर्ची दिली. इतक्या वर्षांत चूक कबूल करणारा वाचक पहिल्यांदाच भेटला, असे त्या म्हणाल्या. नकाशांच्या पुस्तकाबद्दल त्यांनी माफीही मागितली. आता गप्प बसले तर सगळे गोडच होते. पण सरांना ते जमले नाही.

"बाई, ते पत्र तुम्हाला नव्हतं."

"मग कुणाला होतं?"

"नायिकेला. म्हणजे, कादंबरीतल्या. वर्गात वाचायला लिहिलं होतं. पण त्यातलं शेवटचं वाक्य कादंबरीत नाही. ते माझं आहे."

बाईंनी ड्रॉवरमधून कागद काढला आणि शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. खिडकीशी मुलांची रांग वाढत चालली होती.

"नायिकेनं काय केलं, पत्र आल्यावर?" त्यांनी कागदावरून नजर न काढता विचारले.

"आधी रागावली. मग पुन्हा वाचलं. मग परत एकदा. तीनदा वाचल्यावर तिला कळलं, आपण माणूस ओळखण्यात चुकलो."

"मी पाचदा वाचलं," बाई म्हणाल्या, आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवून त्यांनी रांगेतल्या पहिल्या मुलीचे कार्ड मागितले.