पहिल्या रकान्यातली आई

"फॉर्म भरावा तर मी! बाकीचे लोक नुसती शाई वाया घालवतात!"

हे वाक्य हेडक्लार्कांनी त्या दिवशी जिन्यात उभं राहून तिसऱ्यांदा म्हटलं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण सगळी बिल्डिंग त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणायची आणि त्यांनाही ते स्वतःच्या नावापेक्षा गोड वाटायचं. मतदार यादीत नाव आहे की नाही ते बघायची आणि नसेल तर घालून घ्यायची आज शेवटची तारीख होती. संध्याकाळी पाचला खिडकी बंद! म्हणून हेडक्लार्कांनी आठवडाभर खपून बिल्डिंगमधल्या सगळ्यांची नावं मोबाइलवर तपासून दिली होती. तळमजल्यावरच्या शिंप्याचं वय चुकलं होतं ते दुरुस्त केलं, तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेचं नाव माहेरच्या यादीतून उचलून इकडे आणलं.

"अहो, आणि आपल्या घरातली नावं?" बायकोने विचारलं.

"आपल्या घरात काय तपासायचंय? आपल्या घरात मी आहे!"

बायकोने नुसतं "हं" म्हटलं. तीस वर्षांच्या संसारात तिने हे "हं" चांगलं घोटून तयार केलं होतं.

पण तीनच्या सुमारास आई काठी टेकत बाहेरच्या खोलीत आली आणि समोर येऊन बसली. "बाळ, माझं नाव दाखव. मला डोळ्यांनी बघायचंय."

आईला घाई का होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी धावपळ वेडेपणाची वाटेल. आईचं आणि बाबांचं लग्न झालं त्या वर्षापासून दोघं प्रत्येक निवडणुकीला बरोबर जायची. बाबा छत्रीवाले, आई बरणीवाली! बाबांनी छत्रीवर शिक्का मारला की आईने मागोमाग जाऊन बरणीवर मारायचा. म्हणजे झालं काय, घरातून निघाली दोन मतं आणि पोचलं शून्य! हे साठ वर्षं चाललं. बाबा बाहेर आले की आईच्या डोळ्याला डोळा न देता आभाळाकडे बघून म्हणायचे, "ऊन फार आहे, नाही?" आई समजायची, मारली छत्री! पावसात भिजतसुद्धा बाबांनी तेच म्हटलेलं आहे.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं मत कोणी कापणार नव्हतं.

"यांची आठवण रोज येते रे," ती सुनेला आणि मुलाला सांगायची. "रडू येतं. पण मत मात्र यंदा माझं पुरतं पडणार!"

तर हेडक्लार्कांनी रुबाबात मोबाइल उघडला, आईचं नाव घातलं, बोट आपटलं.

"नोंद सापडली नाही."

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा घातलं. पुन्हा तेच! मग त्यांनी सगळ्या घराचीच यादी उघडली. स्वतःचं नाव होतं. बायकोचं होतं. बाबांचंही होतं, पुढे वय अठ्ठ्याऐंशी, अगदी ठणठणीत! फक्त आई नव्हती.

हेडक्लार्कांनी मोबाइल पटकन उलटा करून मांडीवर ठेवला.

"काय झालं रे?"

"काही नाही, नेट गेलंय," असं म्हणून ते आतल्या खोलीत सटकले आणि कपाटातून एक फाइल ओढली. फाइलवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'बाबा – पश्चात कामकाज'. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक टाकायची त्यांची पद्धत होती. आवक क्रमांक सात म्हणजे निवडणूक कार्यालयाचं पाकीट. क्रमांक टाकला होता, तारीख टाकली होती, पाकीट मात्र फोडलंच नव्हतं! ही नुसती पोच असणार, असं म्हणून तसंच लावून टाकलेलं.

आता फोडलं. आत लिहिलं होतं, की आपल्या अर्जानुसार मृत्यूमुळे खालील नाव वगळण्यात येत आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. आणि खाली आईचं नाव!

त्यांनी अर्जाची नक्कल काढली. मग उजेड पडला. त्यांच्या खात्यात सदतीस वर्षं एकच शिरस्ता होता. फॉर्म कुठलाही असो, पहिला रकाना अर्जदाराचा. डोळे मिटून भरायचा! बाबा गेल्यावर त्यांनी हा फॉर्म ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भरला होता. अर्जदार म्हणून आईला धरलं होतं आणि पहिल्या रकान्यात तिचं नाव ऐटीत घातलं होतं. पण या फॉर्मात पहिला रकाना होता 'ज्यांचे नाव वगळावयाचे आहे' त्यांचा! अर्जदाराचा दुसरा. तिथे बाबा. आणि खाली आईची सही, कारण हेडक्लार्कांनीच तिच्यापुढे कागद सरकवून म्हटलं होतं, "इथे सही कर, वाचत बसू नकोस, मी भरलाय!"

चौकशीला माणूस घरीसुद्धा येऊन गेला होता. "मृत्यू झालाय ना?" असं त्याने दारातच विचारलं, "हो, महिना झाला," असं हेडक्लार्कांनी दारातच सांगितलं. कोणाचा, हे त्यानेही विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही.

"अहो, चेहरा असा का पांढरा पडलाय?" बायको दारात उभी होती.

"हळू बोल! मी आईला मारलं!"

"काय!"

"कागदोपत्री!"

बायकोने अर्ज वाचला आणि डोक्याला हात लावला. "आता आईंना सांगा."

"वेड लागलंय का? ती मला खरोखरचा मारेल!"

कार्यालयात फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं, की नाव पुन्हा घालता येईल, पण माणूस स्वतः हजर पाहिजे आणि पाचच्या आत पाहिजे. साडेतीन वाजून गेले होते. आईचे गुडघे गेलेले, घर दुसऱ्या मजल्यावर.

"आई, चल, तुझा नवीन फोटो काढायचाय," हेडक्लार्क म्हणाले. "नियम बदललाय."

"आणि नाव?"

"फोटो काढला की नाव दिसतं."

आईने त्यांच्याकडे रोखून बघितलं. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवलं की ती असंच बघायची. पण ती काठी घेऊन उठली.

जिना उतरायला अठरा मिनिटं लागली. हेडक्लार्कांनी प्रत्येक मिनिट मोजलं. खाली एकच गाडी हाताशी होती, पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांची. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. त्यांची शिकवणी चालू होती आणि चाकापुढे एक बाई घामाघूम होऊन बसल्या होत्या.

"मास्तर, पाचच्या आत निवडणूक कार्यालय! तुम्ही चालवा!"

"तास चालू आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "मध्येच चाक काढून घेतलं तर विद्यार्थ्याचा आत्मविश्वास जातो. बसा, त्या सोडतील."

"किती दिवस झाले शिकून?"

"आज चौथा."

गाडी निघाली. म्हणजे गचका बसला, बंद पडली, परत गचका बसला आणि निघाली. शेजारून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला.

"जरा वेगाने घ्या हो!" हेडक्लार्क ओरडले.

"ओरडू नका! मला ब्रेक कुठला ते विसरायला होतं!" बाई किंचाळल्या.

"सावकाश घे गं बाई," आई मागून म्हणाली. "फोटोच तर काढायचाय. घाई कसली?"

हेडक्लार्कांनी ओठ चावला. चार वीस. चौकातल्या सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली, तोवर दोनदा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! आईने खिडकीतून काठी बाहेर काढून मागच्यांना दटावलं, "आम्ही शिकतोय! दिसत नाही का?"

कार्यालयाच्या पायऱ्या चढून तीन नंबरच्या खिडकीशी पोचले तेव्हा चार त्रेचाळीस झाले होते. पुढे दोन माणसं होती. ती संपेपर्यंत हेडक्लार्कांचा शर्ट पाठीला चिकटला.

खिडकीतल्या बाई तरुण होत्या आणि दिवसभर बोलून त्यांचा घसा बसला होता. हेडक्लार्क जाळीत तोंड घालून कुजबुजले, "एक छोटीशी तांत्रिक चूक आहे. जरा हळू बोललात तर बरं."

बाईंनी अर्जाची नक्कल घेतली, संगणकात बघितलं आणि बसलेल्या घशाने जमेल तितक्या मोठ्यांदा विचारलं, "म्हणजे या आजींनी स्वतःच्या मृत्यूचा अर्ज स्वतः सही करून दिलाय?"

रांगेतली माणसं वळली. हेडक्लार्कांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"कोण मेलं?" आईने विचारलं.

"आजी, तुम्ही. दोन वर्षं झाली."

"आणि हे?"

"आजोबा आहेत ना यादीत. त्यांचं काही नाही."

आईने हळूच मुलाकडे मान वळवली. "म्हणजे हे जिवंत आणि मी गेले?"

"आई, माझ्या खात्यात पहिला रकाना..."

"छत्री राहिली आणि बरणी फुटली!" आईचा आवाज चिरकला. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "साठ वर्षं यांनी माझं मत खाल्लं. ते गेल्यावर म्हटलं, आता तरी... तर तू मलाच पुसून टाकलंस? पोटच्या पोराने?"

सदतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर लाल वर्तुळं करणारा हा माणूस, लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडा पाषाण! "चुकलो, आई," ते म्हणाले. सबंध नोकरीत हा शब्द त्यांनी वापरला नव्हता.

"रडू नका आजी," खिडकीतल्या बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "नव्या नोंदणीचा फॉर्म देते. दहा मिनिटं आहेत. पटकन भरा."

हेडक्लार्कांनी झडप घालून फॉर्म घेतला, पेन उघडलं आणि सवयीने पहिल्या रकान्यावर नेलं. वर काय छापलंय ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही!

काठीचा तडाखा मनगटावर बसला. "ठेव ते पेन!" आई म्हणाली. "दे इकडे. मी भरते. वाचून भरते!"

तिने पिशवीतून चष्म्याची डबी काढली. डबीतून चष्मा काढला. पदराने पुसला, लावला. मग फॉर्म उलटा करून मागच्या सूचनांपासून सुरुवात केली, बोट ठेवून, मोठ्याने.

"सूचना एक. अर्ज सुवाच्य अक्षरात..."

"आई, सूचना सोड!"

"सोडल्यास म्हणून तर मी मेले! सूचना दोन..."

चार चोपन्न. एकूण सूचना नऊ होत्या. खिडकीतल्या बाईंनी डबा पिशवीत भरला. चार छप्पन्नला आई पहिल्या रकान्याशी आली. तो तिने दोनदा वाचला, खिडकीतल्या बाईंना विचारून खात्री केली आणि मगच नाव लिहिलं. शिपाई एकेक दिवा मालवत इकडे येऊ लागला. हेडक्लार्क त्याला आडवे झाले. "दोन मिनिटं! आई जिवंत होतेय!"

चार अठ्ठावन्नला आईने सही केली. चार एकोणसाठला शिक्का बसला. हेडक्लार्क तिथेच खाली बसले; उठायला आईनेच त्यांना काठी दिली.

"आजोबांचं नाव काढायचा अर्ज?" बाईंनी खिडकी ओढता ओढता विचारलं. "तो आता निवडणुकीनंतर."

"राहू दे," आई म्हणाली. "नाव असून काय, येणार थोडेच आहेत शिक्का मारायला."

निवडणुकीच्या दिवशी आईने ठेवणीतली साडी नेसली. सून आणि हेडक्लार्क बरोबर होते. हेडक्लार्कांचंही तसं पहिलंच वर्ष. सगळ्या नोकरीत दर निवडणुकीला त्यांची कामगिरी दुसरीकडेच लागायची आणि मत टपालाने जायचं. आईबरोबर केंद्रावर ते कधी आलेच नव्हते.

केंद्रावर आईचं नाव शेवटच्या पुरवणी यादीत सापडलं. बाबांचं मूळ यादीत, मानाने! "बघ, मेल्यावरही वरच," असं म्हणून तिने त्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग आत जाऊन, वेळ लावून, बरणीसमोरचं बटण दणक्यात दाबलं आणि ओट्यावर येऊन बसली. शाईचं बोट तिने वर धरलं होतं. एवढा आनंद तिच्या तोंडावर सुनेने कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

"झालं!" ती सुनेला म्हणाली. "आज पहिल्यांदा माझं मत अख्खंच्या अख्खं गेलं!"

तेवढ्यात हेडक्लार्क बाहेर आले. पायऱ्या उतरले. आईच्या समोर येऊन उभे राहिले, पण तिच्याकडे बघेनात. त्यांनी मान वर केली. आभाळ गच्च भरून आलं होतं.

"ऊन फार आहे, नाही?" हेडक्लार्क म्हणाले.

आईचं बोट हळूहळू खाली आलं. मग ती काठी टेकून उठली आणि सुनेचा हात धरला.

"चल गं घरी," ती म्हणाली. "यादीवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. हे आहेत अजून!"