गहू चालणारा पाहुणा

"पाहुण्याला आपलं जेवण आवडत नाही," चिमणी म्हणाली. "त्याला गहू चालतो."

वाढता वाढता आईचा हात थांबला. टेबलाशी माणसं होती पाच आणि खुर्च्या सहा. सहाव्या खुर्चीवर कुणीच नव्हतं. पण सात वर्षांची चिमणी त्या 'कुणीच नव्हतं'कडे वळून, कुणीतरी कानाशी बोलत असावं तशी मान हलवत होती.

"हा पाहुणा आला कधी?" बाबांनी विचारलं.

"कधीचाच आलाय. तुम्ही बघत नाही."

त्या घरात गव्हाचं नाव घेणं म्हणजे शिवी देण्यासारखंच होतं. मोठी ताई आणि धाकटी चिमणी, दोघींनाही सीलिएक. गव्हाचा एवढासा कण पोटात गेला तरी आतडं दुखावायचं, पोट फुगायचं आणि जेवलेलं अंगी लागायचं नाही. चिमणी तर मधे वाढायचीच थांबली होती. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा एकीवर एक बसत चालल्या होत्या. त्या खुणांकडे बघता बघता एके दिवशी आईनं कंबर कसली आणि गव्हाला घराबाहेर काढलं. एक घर, एक स्वयंपाकघर, एक नियम. बाबांनी आणि आजीनं निमूटपणे मान डोलावली, कारण त्या दिवशी आईपुढे न डोलावण्याची कुणाची छाती नव्हती.

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. काच दिव्याखाली तिरकी धरून धुळीचा कण हुडकायचा, हे तिचं रोजचं. घरीही तिची नजर तशीच फिरे. त्यामुळे घराला एक सवय जडली होती: खाऊन झालं की सांडलेला कण बोटानं टिपायचा आणि ताटली ओल्या फडक्यानं पुसून ठेवायची. गहू गेला तरी सवय राहिली. कण ठेवून त्या घरात कुणी उठत नसे.

आणि आता हा पाहुणा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

आईनं पोटाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या हसल्या. "खेळू द्या हो. उद्या शाळेत, प्रवासात गहू शेजारी येऊन बसणारच आहे. शेजारी असला तरी त्याला हात लावायचा नाही, हे तिला शिकू दे. पाहुण्याला त्याची जागा द्या आणि तुमचे नियम घाला."

नियम म्हटल्यावर आईला हुरूप आला. मागच्या दाराशी एक अरुंद खोली होती. तिथे कोपऱ्यात हात धुवायचा नळ होता, बूट ठेवलेले असत आणि भिंतीवर सगळ्यांचे जाड कोट लटकत. तिथे एक छोटं टेबल गेलं, सहावी खुर्ची गेली आणि एक लाल ताटली गेली. मुलींनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पहिल्या दिवशी आईनं दुकानात निघताना ताटलीत एक बिस्कीट ठेवलं आणि तिथल्या तिथे हात कोपरापर्यंत धुतले.

संध्याकाळी बिस्कीट नव्हतं.

आईनं ताटली दिव्याखाली तिरकी धरली. एक कण नाही.

"उंदीर असेल," बाबा म्हणाले.

"उंदीर ताटली पुसून जातो का?"

"मग पाहुणा चांगल्या घरचा दिसतोय," आजी म्हणाली आणि विणकामात तोंड खुपसून बसली.

पुढे पाहुण्याच्या फर्माइशी सुरू झाल्या, आणि चिमणी त्या शाळेचा निरोप सांगावा तशा सांगू लागली. पाहुण्याला बिस्कीट कडक लागतं, त्याला केक हवा, दातांना त्रास होणार नाही इतका मऊ. मग पाहुण्याला टोस्ट हवा, चहात बुडवला तरी मोडून पडणार नाही असा जाड. आई बेकरीतून पिशवी हातभर लांब धरून आणायची, ताटली भरायची आणि संध्याकाळी ती चकचकीत रिकामी मिळायची. हळूहळू तिला त्या खोलीच्या दारावरून जातानाही गार वाटू लागलं. एवढं खाणारा हा कोण, हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही, आणि कुणी आपणहून विषय काढला नाही. हेच तिला जास्त खटकत होतं.

एक दिवस ती दुकानातून लवकर आली. आभाळ भरून आलेलं, घरात अंधारलेलं. चिमणी त्या खोलीच्या बंद दाराला गाल लावून उभी होती.

"हळू खा," ती दाराला सांगत होती. "कण पाडू नकोस. आई शोधते."

आणि दाराच्या आतून खुर्ची करकरली.

 आईनं चिमणीला मागे ओढलं आणि दार ढकललं. आत कुणी नव्हतं. ताटली रिकामी, पुसलेली, अजून ओली. भिंतीवरचे कोट किंचित हलत होते. आईनं धीर करून खुर्चीवर हात ठेवला, तर खुर्ची गरम.

मागच्या अंगणात आजी झाडांना पाणी घालत होती. आईनं विचारलं, "आजी, इकडून कोणी गेलं का?" आजी तोंड न उघडता नकाराची मान हलवून झारी फिरवत राहिली. झारीतून पाणी पडत नव्हतं, पण आईचं तेव्हा तिकडे लक्ष कुठलं.

ती स्वयंपाकघरात येऊन बसली. तिची पाचावर धारण बसली होती, तरी डोकं चालत होतं. भूत जेवेल, पण ताटली कशाला पुसेल? चोरही पुसणार नाही. फडक्यानं ताटली पुसणारी माणसं जगात या एकाच घरात होती. म्हणजे खाणारा घरातलाच. आणि घरात गव्हासाठी जीव टाकणारी कोण? ज्यांना तो मिळत नाही त्या. बाहेर चिमणीचा पहारा आणि आत ताई, असंच असणार. चिमणी सकाळीच म्हणाली होती, पोटात कसंतरी होतंय. आईला चौकटीवरच्या त्या एकीवर एक खुणा दिसू लागल्या. पाहुण्याच्या नावाखाली पोरी आपल्याच हातानं विष खातायत आणि ते विष मीच त्यांना वाढून ठेवतेय, या विचारानं तिला बसवेना.

दुसऱ्याच दिवशी तिनं दोघींना रक्ततपासणीला नेलं. सुई टोचताना चिमणीनं शेजारच्या रिकाम्या बाकाकडे बघून म्हटलं, "तुझं नाही काढणार. घाबरू नकोस." सुई धरणाऱ्या बाईंनीही एकदा त्या बाकाकडे बघून घेतलं.

दुकानात फोन आला तेव्हा आईच्या हातात कुणाच्या तरी चष्म्याची काच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघींचेही आकडे उत्तम आहेत. इतके चांगले यापूर्वी कधीच नव्हते. पोटात कसंतरी होत असेल तर गणिताची चाचणी आहे का बघा."

आई तिथेच खुर्चीत कोसळली आणि पोटभर रडली. गिऱ्हाईक म्हणालं, घाई नाही, नंतर येतो. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, काच उचलली, आणि मग हळूच तिच्या ध्यानात आलं. मुली खात नाहीत.

मग त्या खुर्चीत बसतं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीनं नवा निरोप दिला. "आज टोस्ट, केक आणि क्रीमरोलसुद्धा. ज्याचे थर अंगावर पडतात तो."

 आईचा एके काळचा जीव की प्राण होता तो. पाहुण्याला हे कुणी सांगितलं? तिनं काही न विचारता तीनही वस्तू आणून ताटलीत ठेवल्या. दुकानात कळवलं, अंगात बरं नाही. बाबा व्हॅन घेऊन मालाच्या फेरीला गेले, मुली शाळेत गेल्या आणि आजी आडवी झाली, तशी आई मागच्या खोलीत जाऊन कोटांच्या मागे उभी राहिली.

बराच वेळ काही नाही. कोटांना सगळ्यांच्या अंगाचा वास होता. बाहेर आभाळ पुन्हा उतरलं, खोलीतला उजेड राखाडी झाला आणि लाल ताटली काळी दिसू लागली. मग मागच्या दाराची मूठ आवाज न करता फिरली.

पाठीकडून, उलटा चालत, एक माणूस आत आला. त्यानं बूट काढले. हात कोपरापर्यंत धुतले. खिशातून थर्मास काढून चहा ओतला, टोस्ट बुडवला, डोळे मिटले आणि देवळात उभं राहावं तसा चेहरा केला. ते बाबा होते.

आईनं तोंड उघडलं, एवढ्यात आतल्या दाराशी पावलं वाजली. बाबा दचकले. टोस्ट तोंडात, थर्मास काखेत, असे ते थेट कोटांमध्ये घुसले आणि तिथे आधीपासून असलेल्या एका गरम, श्वास घेणाऱ्या वस्तूला धडकले.

"पा... पाहुणा," बाबा टोस्टच्या आडून म्हणाले.

"मी आहे," आई कुजबुजली. "आवाज करू नका. कोण येतंय बघू."

आजी आली. खुर्चीवर टेकली, केक पुढे ओढला. "बाबा रे पाहुण्या," ती रिकाम्या भिंतीला म्हणाली, "तुझ्या वाटणीचं खाते, राग मानू नकोस. गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात. इथे गहू नाही तरी आम्ही रगडले जातोय." तिनं शांतपणे केक संपवला, कण टिपले, टोस्टचा ताटलीभर पडलेला चुरा बघून "हा कोण घाणेरडा," असं पुटपुटली आणि सगळं पुसून घेतलं. क्रीमरोलला मात्र तिनं बोटही लावलं नाही.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. शाळा सुटली होती. ताई आणि चिमणी उंबऱ्याबाहेर, नियमाप्रमाणे, उभ्या होत्या.

"आजी," चिमणी म्हणाली, "पाहुणा कोटांच्या मागे आहे. आज दोन आहेत."

आजीनं हातातलं फडकं टाकून देवाचं नाव घेतलं. कोट बाजूला झाले आणि दोन पाहुणे बाहेर आले.

"कुंपणच शेत खातंय म्हणायचं," आई म्हणाली.  "पोरींना सुई टोचून आणली मी. तुमच्या टोस्टपायी. रात्रभर डोळा लागला नाही माझा."

बाबांनी मान खाली घातली. "अगं, घरचा नियम मोडायचा नव्हता. पण पाहुण्याचं म्हटल्यावर तो घरचा वाटेना."

"मी फक्त केक खाल्ला," आजी म्हणाली. "आणि एखादं बिस्कीट. भिजवून."

"तुम्हा दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं?"

"नव्हतं," दोघं म्हणाली. आजीनं पुढे सांगितलं, "मला वाटायचं, उरलेलं खरोखरच कुणीतरी खातं. म्हणून तर मी त्याच्याशी बोलत असे."

"आई, त्यांना नको रागावू," ताई उंबऱ्यावरून म्हणाली. "पाहुणा मी काढला. चिमणीनं फक्त सांगितला."

"का गं?"

ताईनं बाबांकडे बघितलं. "बाबा व्हॅनमध्ये पाठ करून पाव खात होते. आम्ही बघितलं. रडत होते."

"रडत नव्हतो. घास मोठा घेतला होता."

"मग चूळ भरून घरात आले आणि आमच्याशी बोललेच नाहीत. आजी बेकरीसमोर पिशवी खाली ठेवून दम लागल्यासारखं करते. आणि तू तर थांबतच नाहीस. रस्ता ओलांडून पलीकडून चालतेस. आमच्यामुळे."

"म्हणून पाहुणा," चिमणी म्हणाली. "त्याला गहू चालतो. त्याच्या ताटलीतलं खाल्लं की कुणी आमच्यामुळे उपाशी नाही. क्रीमरोल तुझा आहे. बाकी कुणी खात नाही."

 गव्हाचा कण आईनं या घरात कुठे कुठे शोधला होता, फटीत, फडक्यात, कपाटामागे. आणि 'आमच्यामुळे' एवढं मोठं या दोघींच्या मनात जाऊन बसलं होतं, ते तिला दिसलं नव्हतं. ती सहाव्या खुर्चीवर बसली आणि सगळ्यांसमोर तिनं क्रीमरोल खाल्ला. थर अंगावर पडले, डोळ्यातलं पाणी क्रीमवर पडलं, आणि बाबा आणि आजी दोन्ही बाजूंनी तिच्या पदरावरचे कण टिपत राहिले. नंतर तिनं कोपरापर्यंत हात धुतले, कपडे बदलले आणि उंबऱ्याबाहेरच्या दोघींना पोटाशी घेतलं. ज्याला गहू चालतो त्यानं तो याच खोलीत, दार उघडं ठेवून खायचा आणि हात धुऊन घरात यायचं, असा नियम ठरला. चेहरा पाडून मात्र यायचं नाही.

रात्रीच्या जेवणाला चिमणी सहावी खुर्ची ओढत परत टेबलाशी घेऊन आली. "पाहुण्याचं पोट दुखलं," ती म्हणाली. "त्यालाही आमच्यासारखंच आहे. आता त्याला गहू नको."

आईनं हसून हिरव्या ताटलीत तांदळाचं बिस्कीट ठेवलं. तेवढ्यात ताईला आठवलं, उंची बघायची राहिली. सगळेच उठून चौकटीशी गेले. बाबांनी चिमणीच्या डोक्यावर पट्टी धरली, आजीनं चष्मा लावला, आईनं पेन्सिल फिरवली. नवी खूण जुन्या गर्दीच्या वर, चांगली बोटभर सुटी आली. आईनं त्या मोकळ्या जागेवरून दोनदा अंगठा फिरवला.

परत टेबलाशी आले तेव्हा हिरवी ताटली रिकामी होती.

रिकामी म्हणजे, बिस्कीट नव्हतं. कण होते. ताटलीत, ताटलीबाहेर, खुर्चीवर, भरपूर कण. पाचही जणांनी एकमेकांकडे बघितलं. पाचही जण आत्ता चौकटीशी होते, आणि पाचांपैकी कुणीही कण ठेवून उठणारं नव्हतं.

 चिमणी म्हणाली, "तो नवीन आहे ना."

"शिकेल हळूहळू," आजी म्हणाली.

आईनं ओलं फडकं पिळलं आणि सहाव्या खुर्चीच्या पाठीवर, त्याला दिसेल असं, टाकून ठेवलं.