जनूकाकांचा बेपत्ता आकडा

रोज सकाळी साडेनऊला आमच्या ऑफिसात एक बाई बोलते, "आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे." फोन जनूकाकांचा, स्पीकर चालू, आवाज फुल. बाईचं मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं म्हणून होईपर्यंत काका मान डोलावत ऐकतात. मग फोन टेबलावर उलटा ठेवतात, "चला, आज पन बंदच हाय" म्हणतात आणि खुशीत कामाला लागतात. बंद फोनवर खूश होणारा माणूस मी तरी पहिलाच पाहिला.

नवीन होते तेव्हा मला वाटलं, नेटवर्क तपासत असतील. कारण तपासणं हा त्यांचा धंदा, आणि रोगही तोच. आमची कंपनी केवढी, तर उरणला दोन खोल्या. न्हावा शेव्याच्या वाटेवर खासगी वजनकाटे आहेत ना, कंटेनरचे ट्रेलर चढवून वजन करतात ते, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. मी ते लिहिते आणि जनूकाका ते मोडतात. मोडायचा पगार घेतात, वर माझ्याकडे बघून हसतात.

त्यांचे वडील मिठागरात राबले. काका स्वतः आधी काट्याच्या केबिनमध्ये चिठ्ठ्या फाडायचे, चाळिशीत कॉम्प्युटर शिकले. पण शिकले ते असे की आम्हा इंजिनियरांना घाम फोडतात. वीस टन, तीस टन असले सरळ आकडे ते माझ्या कोडला घालतच नाहीत. त्यांनी एक प्रोग्राम करून ठेवलाय. तो आपणहून हजारो आकडे तयार करतो आणि माझ्या कोडवर फेकतो. त्यातही दशांशाचे, वात्रटातले वात्रट. काकांनी त्यांना घरच्यासारखी नावं ठेवलीयत. अनंत म्हणजे 'दर्या'. शून्याला टेकलेला पण शून्य नसलेला तो 'मिठाचा कन'. उणे शून्य असाही एक प्राणी कॉम्प्युटरात असतो, तो 'रुसलेला शून्य'. टेस्ट फेल झाली की माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणायचं, "बाय, आकडा हाय, पन सरल न्हाय हां!"

बाजारातही हेच. एकदा भाजीवालीला विचारलं, "उणे पाव किलो कांदं घेतलं तं कसं गो?"

"तं तूच मना दे पाव किलो, मेल्या, नि पैसं घेऊन जा!" ती कडाडली.

काका ऑफिसात येऊन म्हणाले, "ती पास जाली. आपला प्रोग्राम अजून नापास हाय." आता ह्याला काय म्हणायचं! मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

खरं भांडण झालं ते मात्र 'बेपत्ता'वरून. हा सगळ्यात अवलादी आकडा. म्हणजे तो आकडाच नाही. काट्याच्या सेन्सरची वायर तुटली, वजन कळेनासं झालं, की आकड्याच्या जागी हा येऊन बसतो. त्यात काहीही मिळवा, बेरीज बेपत्ता. तू तुझ्याएवढाच आहेस ना, असं त्याला विचारलं तरी नाही म्हणतो! आमची टेस्ट साधी होती, जे वजन साठवलं तेच परत मिळालं पाहिजे. हा महाराज स्वतःच्याच बरोबरीचा नाही, मग टेस्ट पास होणार कशी? शुक्रवारी रिलीज, साहेब डोक्यावर बसलेले. मी वैतागले. काकांच्या प्रोग्रामात एक ओळ टाकली, की बाबा रे, बेपत्ता तयारच करू नकोस. आणि माझ्या कोडमध्ये दुसरी, की चुकून आलाच तर त्याच्या जागी शून्य धर. सगळं हिरवंगार पास झालं. मी डबा उघडला.

काकांनी दहा मिनिटांत पकडलं.

"मॅडम," ते म्हणाले. बायची मॅडम झाली की समजायचं. "शून्य म्हंजे काटा रिकामा. रिकामा तं मागच्या गाडीला गेट उघरंल. आनि वर चालीस टनांचा ट्रेलर उभा असला तं?"

"काका, वायर तुटते कितीदा? एका आकड्यासाठी रिलीज अडवू?"

"'कलत न्हाय' आनि 'न्हाय', ह्यात फरक हाय का न्हाय?"

"नाही!" मी ओरडले. "शून्य टाकला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

काका उठले. चष्मा काढून बाहेर गेले. माझा राग अजून उतरला नव्हता, मीही मागोमाग गेले. ते चहाच्या टपरीच्या बाकावर बसले होते.

"मी पन टाकला व्हता एकदा," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा निलेश. काकांनी त्याची काट्यावर नोकरी ठरवली होती, आणि त्याला बोटीवर स्वयंपाकी व्हायचं होतं. घरात महिनाभर कडाकडा भांडणं. त्याच दिवसांत ऑफिसचा विम्याचा फॉर्म आला. मुलं किती, ह्या रकान्यात काकांनी रागाच्या भरात शून्य लिहिला.

"त्या फॉर्मची झेरॉक्स काराला त्यालाच पाठवला, बघ. माझ्या ध्यानातच न्हाय रं देवा." काका ग्लासात बघत होते. "आला, दोनी कागद टेबलावर ठेवलं. पिनसुद्धा मारली. आनि संध्याकाली बॅग घेऊन गेला. एक शब्द बोलला न्हाय."

चार वर्षं झाली. कुणी सांगतं कोचीनला आहे, कुणी सांगतं दुबईला.

"आनि तो रोजचा फोन?"

"त्याचाच नंबर. दर महिन्याला मीच रिचार्ज मारतो. न्हाय मारला तं नंबर दुसऱ्याला देतील. मंग ती बाई बोलंल, हा नंबर अस्तित्वातच न्हाय." त्यांनी चहा तसाच खाली ठेवला. "बंद हाय बोलते तवर बरा हाय, बाय."

मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वर ऑफिसात गेले, दोन्ही ओळी पुसल्या. आता वायर तुटली की पडद्यावर येतं, 'वजन माहीत नाही', आणि कुणीतरी जाऊन बघेपर्यंत गेट बंद राहतं. रिलीज तीन दिवस लांबलं. साहेबांनी मला झापलं, ते मी ऐकून घेतलं.

गेल्या बुधवारची गोष्ट. साडेनऊ वाजले, काकांनी नंबर लावला, स्पीकर चालू. मी बाईची वाट बघत होते. बाई बोललीच नाही. फोन वाजायला लागला.

आमचे साहेब चहाचा कप तोंडाशी धरून तसेच थांबले. फोन वाजत राहिला. काकांनी टेबलाची कड धरली होती. मी मनात म्हणत होते, उचल रे बाबा, उचल. पूर्ण रिंग वाजली आणि थांबली. मग बाई आली, "आपण ज्या व्यक्तीला कॉल केला आहे, ती व्यक्ती सध्या उत्तर देत नाही."

मला रडूच फुटलं. काकांकडे बघायची हिंमत होईना. बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते, डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू.

"ऐकलंस ना, बाय? 'व्यक्ती' बोलली ती बाई! चार वर्सं नुसतं नंबर, नंबर करीत व्हती."

त्या दिवशी त्यांनी फोन उलटा ठेवला नाही.