मुकादमाचे दात

"दात हा माझा विषय आहे, बाबा! मग ते माणसाचे असोत नाहीतर माशाचे. यंदाचा लीडर मी करणार!"

डॉक्टरांनी हे वाक्य जेवणाच्या टेबलावर, सासूसासऱ्यांच्या देखत, चमचा उगारून म्हटलं. डॉक्टर दातांचे. दवाखाना चालता, हात हलका, स्वभाव गरीब. फक्त आपल्या हाताबद्दलचा अभिमान गरीब नव्हता.

प्रकरण असं होतं. गावाबाहेरच्या तळ्यात एक मासा होता. लांबुळकं तोंड, आत दातांच्या रांगाच रांगा, आणि तळ्यातली बाकीची मासळी जणू त्याच्या हाताखाली कामाला आहे असा रुबाब. सासरेबुवा त्याला मुकादम म्हणायचे. दर हंगामात सासरेबुवा धक्क्यावर उभे राहून काठी फिरवायचे, जाड दोरी झोकात पाण्यावर टाकायचे, मुकादम गळाला लागायचा आणि दोन झटक्यांत नायलॉन कापून पसार व्हायचा. हा नायलॉनचा तुकडा म्हणजेच लीडर. एका टोकाला जाड दोरी, दुसऱ्या टोकाला फ्लाय. आणि फ्लाय म्हणजे गळावर पिसं न् लोकर गुंडाळून केलेलं खोटं भक्ष्य, ज्याला मासा फसतो. निदान फसावा अशी अपेक्षा असते!

सासरेबुवांच्या फ्लाय सासूबाई करून द्यायच्या. स्वतःच्या लाल स्वेटरची बाही उसवून! विकतच्या फ्लायला सासरेबुवा हात लावत नसत. मुकादमाने आजवर जवळजवळ अख्खी बाही खाल्ली होती.

"तारेचा लीडर?" सासरेबुवांनी नाक मुरडलं. "तार बघून मासा घाबरतो, डॉक्टर. नायलॉनच हवा, आणि गाठ पक्की हवी. बस्स!"

सासरेबुवांचा जन्म पोस्टाच्या पार्सल विभागात गेलेला. गाठीच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

"एवढी पक्की गाठ आहे तर फ्लाय जातात कुठे?" सासूबाई उठल्या. काड्यापेटीतून त्यांनी एक लालभडक फ्लाय काढली आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. "ही शेवटची. बाही संपली आणि माझी नजरही. सुईत दोरा ओवायला मला शेजारणीला हाक मारावी लागते. ही गेली की यांचं मासे पकडणं संपलं. मग रोज दिवसभर हे घरात, माझ्या डोक्यावर! जपा हो, डॉक्टर."

हे त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण सासरेबुवा ताटातला भात चिवडायला लागले. ते बघून डॉक्टरांना गलबलून आलं. काही झालं तरी ही फ्लाय परत आणायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्याबरोबर डॉक्टरांनी दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि वेडेवाकडे दात सरळ करायला वापरतात ती स्टीलची तार काढली.

"सिस्टर, या तारेने मी माणसांचे दात जागचे हलवतो! दातांनी ही तुटेल होय?"

सिस्टर चहा पीत होत्या. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात तारेचा कापलेला तुकडा पकडीतून सुटला आणि टुणकन उडून त्यांच्या कपात पडला. सिस्टरांनी तो चमच्याने काढून दिला आणि कप घेऊन लांबच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

पण डॉक्टरांचं काम मात्र देखणं झालं, हे कबूल करायला हवं. तारेच्या दोन्ही टोकांना सुबक पीळ देऊन फासे केले, एकात नायलॉन ओवून गाठ मारली. आता चाचणी! चाचणीला दात हवेत. प्लास्टरचे नमुने ठिसूळ. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं, तर फळीवरच्या वाटीत एक झकास कवळी! वरची, खालची, अगदी तयार. त्यांनी तार त्या दातांमध्ये धरली, दोन्ही हातांनी कवळी दाबली आणि सिस्टरना म्हणाले, "ओढा! जोरात! मुकादम आहे असं समजा!"

सिस्टरांनी ओढलं.

कट्!

"तार शाबूत!" डॉक्टर आनंदाने ओरडले. "दात तुटला पण तारेवर ओरखडा नाही! सिस्टर, आपण जिंकलो!"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "पण दात कुणाचा होता?"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. कवळी सासरेबुवांची होती! समोरचा दात निघाला म्हणून दुरुस्तीला आलेली. आणि ही काही पहिली वेळ नव्हती. तोच दात पुनःपुन्हा निघायचा, आणि सासरेबुवा गावभर सांगत फिरायचे, "आमचे जावई स्वभावाला सोन्यासारखे. काम टिकत नाही, एवढंच!" आज सकाळीच डॉक्टरांनी तो दात जीव ओतून बसवला होता.

दात कपाटाखाली घरंगळला होता. डॉक्टर पोटावर आडवे झाले, पट्टीने दात बाहेर ओढला, धुतला, घाईघाईने मसाला कालवून पुन्हा बसवला आणि दाबून धरला. मसाला पुरता घट्ट व्हायला रात्र तरी जायला हवी होती. आणि दारात सासरेबुवा!

"झाली का कवळी? उद्या पहाटे तळ्यावर जायचंय!" आत येता येता त्यांची नजर टेबलावर गेली. एका बाजूला कवळी, तिला टेकलेली चकचकीत तार. सासरेबुवांचा चेहरा उजळला. "वा, डॉक्टर! या वेळी आत तार घालून पक्के केलेत वाटतं! हे आधीच का नाही सुचलं तुम्हाला?"

आता खरं सांगायचं तर सांगायचं काय? तुमचे दात मी मासा म्हणून वापरले?

"हो... म्हणजे... तारेची चाचणी चालली होती," डॉक्टर म्हणाले. यातला एकही शब्द खोटा नव्हता. "पण बाबा, उद्यापर्यंत कडक काही चावू नका!"

"अहो, मासे काय मी दातांनी धरतो?" सासरेबुवा हसले आणि कवळी तोंडात बसवून, दोनदा टकटक वाजवून, खुशीत निघून गेले. सिस्टरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पंख्याकडे पाहिलं.

पहाटे तळं अगदी निवांत होतं. धक्क्याच्या फळ्या दवाने ओल्या झाल्या होत्या, पाण्यावर वाफ तरंगत होती. डॉक्टरांनी लीडर दोरीला जोडला आणि सासूबाईंची लाल फ्लाय तारेच्या फाशात अडकवली. सासरेबुवांनी चष्मा कपाळावर ढकलून सगळं तपासलं.

"तार ठीक आहे," ते नाइलाजाने म्हणाले. मग नायलॉनच्या गाठीवर येऊन थांबले. "ही गाठ कोरडीच आवळलीत?"

"का?"

"का काय! नायलॉन कोरडा आवळला की घासून तापतो आणि तिथेच कच्चा होतो. गाठ आधी ओली करायची असते. द्या इकडे!"

गाठ सोडून त्यांनी नवी मारली, तोंडात धरून ओली केली, नायलॉनचं टोक समोरच्या दातांत पकडलं, आणि पार्सल विभागातली सगळी वर्षं पणाला लावून मान मागे खेचली. डॉक्टर "बाबा, नको!" म्हणेपर्यंत—

कट्! आणि मग, धक्क्याखालून, डुबुक!

दोघेही पाण्यातल्या वर्तुळांकडे बघत राहिले.

"यात तार होती ना?" सासरेबुवा म्हणाले. फटीतून शब्दांबरोबर शिट्टी वाजली.

"तुम्ही गाठी दातांनी आवळता?" डॉक्टर ओरडले. "म्हणजे दर वेळी हाच दात... आणि मला सांगता पाव खाताना तुटला! गावभर माझी अब्रू काढता!"

"सवय आहे हो. सुतळीसुद्धा अशीच आवळायचो," सासरेबुवा खाली बघून म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. "पण तार नव्हतीच का?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. चाचणी, सिस्टर, कपाट, सगळं. सासरेबुवा ऐकत राहिले आणि मग असे हसले की धक्का हलला.

"हे बघा, हिला यातलं काही कळता कामा नये. मी दात असे वापरतो हे कळलं तर ती फ्लाय काढून घेईल. आणि तुम्ही दात कसे वापरता हे कळलं तर..."

"कबूल!" डॉक्टर घाईने म्हणाले.

करार झाला. सासरेबुवांनी काठी फिरवली. लाल फ्लाय ऐटीत पाण्यावर उतरली, थोडी बुडाली, आणि पाणी उकळल्यासारखं फुटलं!

"मुकादम!"

काठी कमानीसारखी वाकली. मासा मान झटकत होता, तारेवर त्याचे दात करकरत होते. ती करकर काठीतून हातापर्यंत पोचत होती. डॉक्टरांचा जीव त्या लाल लोकरीत अडकला होता. एक झटका. दोन. याच वेळी दरवर्षी दोरी सैल पडायची.

पडली नाही! तार जावयाची, गाठ सासऱ्याची, दोन्ही टिकल्या. बऱ्याच ओढाताणीनंतर मुकादम जाळीत आला. डॉक्टर पकड घेऊन वाकले आणि सवयीने म्हणाले, "आ करा. दुखणार नाही." मुकादमाने आ केला. फ्लाय सुटली, थोडी पिंजारली होती, पण सगळीच्या सगळी. एक फोटो काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला. सासरेबुवांनी ओल्या हातांनीच जावयाला मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. डॉक्टरांना दवाखाना, कवळी, अब्रू, कशाचीच आठवण राहिली नाही.

घरी सासूबाईंनी आधी फ्लाय हातात घेतली, बोटांनी चाचपली, पदराने पुसून काड्यापेटीत ठेवली. डोळे जरा पाणावले होते, पण त्या म्हणाल्या एवढंच, "चला, यांच्या दिवसभराच्या कटकटीतून माझे कान सुटले!" मग फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. फोटोत सासरेबुवा आणि मुकादम गालाला गाल लावून होते. दोघांचीही तोंडं उघडी.

"गेला वाटतं परत दात?"

सासरेबुवांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला.

"आणि हा बघा मेला! तळ्यात बसून जन्मभर काय काय चावतोय, पण एक दात हलला नाही," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा भेटला तर याचा डॉक्टर कोण ते विचारून घ्या. यांना तिकडेच नेऊ."

यावर सगळ्यात मोठ्याने हसले ते सासरेबुवा, आणि तेही फटीतून शिट्टी वाजवत! करार न सांगण्याचा होता. न हसण्याचं कलम घालायचं राहूनच गेलं होतं.