आपोआप विझणारे दिवे

दिवे गेले तेव्हा शाखाप्रमुख गोरक्ष वाघचौरे जागेच होते, पण त्याला पुरावा नव्हता. दहा मिनिटं खोलीत कोणी हललं नाही की दिवे आपोआप विझत, आणि विमा कंपनीच्या नाशिक शाखेत जेवणानंतर कोणी हलतं असा आरोप आजवर कोणी केलेला नव्हता.

"साहेब, हात हलवा!" अंधारातून मालनबाई ओरडल्या. त्या बावीस वर्षं याच शाखेत कारकून होत्या.

गोरक्षांनी दोन्ही हात वर केले. दिवे आले. समोर आलेल्या विमेदारानंही घाबरून हात वर केले.

हे सगळं २००७ च्या परिपत्रकामुळे. जुन्या इमारतींनी तीन महिन्यांत विजेचा वापर एक पंचमांशानं कमी करून पृथ्वी वाचवावी. जमणार नाही त्या शाखाप्रमुखाची भंडाऱ्याला बदली. गोरक्ष पाथर्डी फाट्यावर अकरा वर्षं घर बांधत होते आणि चारच महिन्यांपूर्वी त्यात राहायला गेले होते. म्हणून त्यांनी कंपनीचा सल्लागार सांगेल ते सगळं केलं. हालचाल टिपणारे सेन्सर बसवले आणि भिंतीवरची दिव्यांची बटणं काढून टाकली, कारण माणूस बंद करायला विसरतो. इथे कोण विसरतो, हे सल्लागारानं विचारलं नाही. हिरामण शिपाई सोळा वर्षं सहाच्या ठोक्याला दिवे-पंखे बंद करून जात होता.

"आता मी काय बंद करू?" हिरामणनं विचारलं.

"काही नाही. आपोआप होतं."

"आपोआप काय बी व्हत नाय, साहेब."

संक्रांतीनंतर मालनबाईंनी उपाय काढला. भाच्याचा येवल्याचा पतंग त्यांनी सेन्सरसमोर, पंख्याच्या वाऱ्यात टांगला. पंखा फिरे, पतंग हले, दिवे राहत. मंडळी पुन्हा निर्धास्तपणे स्वस्थ बसली. संध्याकाळी पंखा बंद करणं मात्र आता कोणाचंच काम नव्हतं. रविवारीसुद्धा रिकाम्या शाखेत पतंग उडत राहिला आणि त्याच्यासाठी सगळे दिवे जळत राहिले.

महिनाअखेर मीटर पाहून गोरक्षांच्या पायांखालची जमीन सरकली. वापर सव्वापट झाला होता. पतंग काढा म्हणावं तर जेवणानंतर कचेरी अंधारात.

"भंडाऱ्याला तांदूळ छान मिळतो," मालनबाईंनी धीर दिला.

घरी बायको, आशाबाई, नवा ओटा पुसत होत्या. त्यांना सांगायचं धाडस गोरक्षांना झालं नाही.

पुढचे दोन महिने मात्र आक्रीत घडलं. वापर उतरत गेला, इतका की तिन्ही महिन्यांचा हिशेब धरूनही शाखा लक्ष्याच्या पुढे गेली. मुख्य कचेरीच्या तेजस्विनी मॅडम पाहणीला आल्या आणि सेन्सरचे फोटो काढू लागल्या. तेवढ्यात हिरामण गोरक्षांच्या कानाशी लागला.

"जिन्याखालचा मेन स्विच खाली वढतो मी. सहाला, आन् जेवणाच्या सुट्टीत बी. दिवे रातभर जळायचे, कूलर-संगणक बी चालूच, बघवंना."

घर वाचलं होतं, आणि ते या माणसानं वाचवलं होतं. "मॅडम," ते म्हणाले, "हे सेन्सरनं नाही, आमच्या हिरामणनं केलंय."

"किती नम्र आहात हो!" मॅडम हसल्या. "पण अहवालात शिपायाचा रकाना नाही. सेन्सरचा आहे."

आठ दिवसांनी पत्र आलं. गोरक्षांचं हार्दिक अभिनंदन. ज्या शाखांना हे जमलं नाही, तिथे हीच यंत्रणा बसवून देण्यासाठी अशा तज्ज्ञ माणसाची नितांत गरज असल्यानं त्यांची तीन वर्षांसाठी नेमणूक करण्यात येत आहे. मुक्काम भंडारा.

गोरक्षांनी पत्र दोनदा वाचलं आणि हिरामणला वाचून दाखवलं.

"साहेब, एक करा," तो म्हणाला. "तिथला शिपाई बटणं बंद करत असंल, तर त्याला करू द्या."

"ती बटणं काढायलाच मला पाठवतायत, हिरामण."